पेस २०२१: संघांची खरी नावं आणि जर्सी पुन्हा पुन्हा का उडतात

कोनामीच्या पेस २०२१ या फुटबॉल गेममध्ये ऑप्शन फाइल, म्हणजे खरी नावं-जर्सी असलेला चाहत्यांनी बनवलेला फाइलींचा संच, टाकली, पडद्यावर लिव्हरपूल लिव्हरपूल झालं, रेआल माद्रिद पांढऱ्या जर्सीत उतरलं. चार दिवस सगळं बरोबर. पाचव्या दिवशी गेम उघडला तर परत ‘लिव्हरपूल आर’, ‘मँचेस्टर बी’ आणि ‘माद्रिद चामार्तीन बी’. रत्नागिरी, कणकवली, वेंगुर्ला, कुठेही विचारा, पेस २०२१ खेळणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली आहे. गणपतीत चाकरमानी आले की ती हमखास ऐकू येते, आणि पावसाळ्यात लाईट ये-जा करायला लागली की पुन्हा.

बहुतेक जण अशा वेळी पेन ड्राइव्ह लावून सगळं पहिल्यापासून इम्पोर्ट करतात. त्यात तास जातो, आणि मूळ कारण जागच्या जागी राहिल्यामुळे पुढच्या आठवड्यात तेच. खरं तर बहुतेक वेळा तुमचं काम पुसलेलं नसतं. गेम दुसरीच सेव्ह, म्हणजे साठवलेली फाइल, वाचत असतो. म्हणून इम्पोर्टच्या बटणाला हात लावण्याआधी नेमकं काय गेलंय ते ओळखायचं.

ही खोटी नावं येतात कुठून

हे समजलं की पुढचे उपाय आपोआप समजतात. फुटबॉलच्या गेममध्ये क्लबचं नाव, चिन्ह, जर्सी, स्पर्धेचं नाव आणि खेळाडूंची नावं या सगळ्यांचे हक्क वेगवेगळे विकले जातात. प्रीमियर लीगचे एकत्रित हक्क ईएकडे, म्हणजे फिफा गेम काढणाऱ्या कंपनीकडे. त्यामुळे कोनामीला इंग्लंडमधल्या क्लबांशी एकेकट्याने करार करावा लागतो. पेस २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल यांच्याशी तसे करार होते, म्हणून ते दोन खऱ्या रूपात दिसतात आणि शेजारचं मँचेस्टर सिटी ‘मँचेस्टर बी’ होऊन बसतं. नावातलं शेवटचं अक्षर जर्सीच्या रंगाचं. चामार्तीन हा माद्रिदचा तो भाग, जिथे बर्नाबेऊ मैदान आहे. जर्मन लीग या गेममध्ये नाहीच, पण बायर्न म्युनिकशी स्वतंत्र करार असल्याने ते एकटं आहे.

खेळाडूंची नावं मात्र फिफप्रो या खेळाडूंच्या संघटनेमार्फत येतात. म्हणून क्लब खोटा असला तरी त्यातला सालाह खराच असतो. चॅम्पियन्स लीगचे हक्क कोनामीकडे २००८ ते २०१८ होते, नंतर ते ईएकडे गेले. त्यामुळे ऑप्शन फाइलमध्ये संघांच्या फाइली वेगळ्या आणि स्पर्धांच्या वेगळ्या असतात. फक्त संघ टाकले आणि स्पर्धा विसरलात तर ‘चॅम्पियन्स लीग आली नाही’ असं वाटतं. ती उडालेली नसते, कधी टाकलीच नव्हती.

काय उडालंय, तेवढं आधी पाहा

एडिट मेनूत जाऊन तीन संघ उघडा: एक इंग्लंडचा, एक स्पेनचा, एक तुम्ही स्वतः बदललेला. तिन्हींमध्ये नाव, चिन्ह, जर्सी, खेळाडू सगळंच मूळपदावर गेलं असेल तर गोष्ट सेव्हची आहे. नाव बरोबर आणि जर्सी गेल्या मोसमाची असेल तर इम्पोर्ट करताना एक खूण राहिली. नाव-जर्सी बरोबर आणि खेळाडू जुन्याच क्लबात असतील तर दुसरी खूण राहिली, किंवा लाइव्ह अपडेट, म्हणजे खेळाडूंची मांडणी परस्पर बदलणारी गेमची सोय, आड आला. काही संघ बरोबर आणि काही नाहीत, तर फाइलीच अपुऱ्या. आणि फक्त ऑनलाइन सामन्यात खोटी नावं दिसत असतील तर बिघाड काहीच नाही. तुमचा बदल तुमच्या मशिनपुरता असतो.

सगळंच गेलं: चूक बहुधा युजरची

प्लेस्टेशन ४ वर सेव्ह मशिनची नसते, युजरची, म्हणजे मशिनवरच्या खात्याची, असते. ज्याच्या नावाने गेम सुरू केला त्याचाच एडिट डेटा लोड होतो. घरात तीन भावंडं, तीन युजर. मोठ्याने ऑप्शन फाइल टाकली आणि धाकट्याने स्वतःच्या नावाने गेम सुरू केला, की धाकट्याला मूळ गेमच दिसणार. मोठ्याचं सगळं आत शाबूत असतं.

तपासायचं असं: गेम पूर्ण बंद करा, नुसता रेस्ट मोड नको. होम स्क्रीनवर कोणता युजर आहे ते बघा, ज्याने फाइल टाकली होती त्या युजरने लॉग इन करून गेम उघडा. नावं परत आली तर विषय संपला. पुढे दोन मार्ग आहेत. एक तर खेळताना पहिला कंट्रोलर नेहमी त्याच युजरने लावायचा, किंवा प्रत्येक युजरमध्ये एकेकदा इम्पोर्ट करायचा. गेमिंग पार्लरवाल्यांनी पहिलाच मार्ग धरावा: ‘खेळ’ अशा नावाचा एकच युजर ठेवायचा आणि गिऱ्हाइकांना दुसरा, तिसरा कंट्रोलर द्यायचा. पाहुणा म्हणून, म्हणजे गेस्ट लॉग इनमध्ये, फाइल कधीच टाकू नका. गेस्ट लॉग आउट झाला की त्याचा सगळा डेटा मशिन स्वतःच पुसतं. गणपतीतल्या तक्रारींपैकी कितीतरी इथेच सुटतात.

याच कारणाने मुंबईच्या चुलतभावाने त्याची सेव्ह पेन ड्राइव्हवर आणून दिली तरी ती तुमच्याकडे चालत नाही. सेव्ह त्याच्या खात्याशी बांधलेली असते. त्याच्याकडून सेव्ह मागू नका, इम्पोर्टचा मूळ फोल्डर मागा. तो कोणाच्याही मशिनवर चालतो.

प्लेस्टेशन प्लस असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. ऑनलाइन साठवलेली जुनी सेव्ह कोणीतरी ‘डाउनलोड’ करून नव्यावर चढवली असेल, तर नवं काम खरंच गेलं. ऑप्शन फाइल टाकून झाल्याबरोबर सेटिंग्जमधून ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट, त्यात सिस्टिम स्टोरेजमधला सेव्ह डेटा, आणि तिथून यूएसबीवर कॉपी. पाच मिनिटांचं काम आहे. ही प्रत तुमच्याच खात्यावर परत चालते, त्यामुळे पुढच्या वेळी इम्पोर्टची गरजच पडत नाही. प्लेस्टेशन ५ वर पेस २०२१ खेळत असाल तरी तो प्लेस्टेशन ४ चाच गेम असल्याने त्याची सेव्ह यूएसबीवर काढता येते.

लाईट जाते तेव्हा

जून ते सप्टेंबर या किनारपट्टीवर वीज कधी जाईल याचा नेम नाही. गेम सेव्ह लिहीत असताना, म्हणजे कोपऱ्यात सेव्हची खूण फिरत असताना, लाईट गेली तर एडिट डेटा अर्धवट लिहिला जातो. पुढच्या वेळी गेमला तो वाचता येत नाही. अशा वेळी गेम नवा डेटा तयार करण्याबद्दल विचारतो आणि घाईत ‘हो’ दाबलं जातं. तिथे थांबा. आधी बाहेर येऊन यूएसबीवरची प्रत परत चढवा.

मशिनच अडखळत असेल तर डेटाबेस नव्याने बांधून घ्या. मशिन पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. कंट्रोलर केबलने जोडा. यादीतला पाचवा पर्याय, रीबिल्ड डेटाबेस, निवडा. त्याने सेव्ह पुसल्या जात नाहीत. सहावा आणि सातवा पर्याय मात्र मशिन कोरं करतात, तिकडे बोट जाऊ देऊ नका.

मूळ उपाय विजेचा आहे. पहिल्या पिढीच्या प्लेस्टेशन ४ ची कमाल गरज २५० वॉट, स्लिमची १६५, प्रोची ३१०. ६०० व्हीएचा साधा कॉम्प्युटरचा यूपीएस साधारण ३६० वॉट उचलतो. स्लिम आणि ३२ इंची एलईडी टीव्ही त्यावर आरामात चालतात, निदान सेव्ह पुरी करून मशिन नीट बंद करण्यापुरते. प्रो असेल तर टीव्ही यूपीएसवर लावू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण बघा. ते साध्या किंवा इको मोडवर असेल तर बदल होताना मशिन रीस्टार्ट होऊ शकतं. यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे बदल इतका झटपट होतो की मशिनला कळत नाही. आणि विजा कडाडत असताना इम्पोर्ट सुरूच करू नका. शंभरेक संघांचा इम्पोर्ट मधेच तुटला तर कुठपर्यंत आला होता ते शोधत बसावं लागतं.

नावं आली, पण जर्सी गेल्या मोसमाची

एडिट, मग इम्पोर्ट/एक्स्पोर्ट, मग इम्पोर्ट टीम. सगळ्या फाइली निवडल्यावर पुढे तपशिलाच्या सेटिंगचा पडदा येतो. तिथे दोन चौकोन असतात आणि सगळा गोंधळ त्या दोन चौकोनांत आहे. एक सांगतो: खेळाडू आणि संघरचना लागू करा. दुसरा सांगतो: त्याच नावाचं चित्र आधी असेल तर त्यावर नवं लिहा. दुसऱ्यावर खूण केली नाही तर गेम जुनंच चित्र ठेवतो. ऑप्शन फाइल बनवणारे बहुधा दरवर्षी फाइलींची नावं तीच ठेवतात, म्हणून नाव नवं, जर्सी जुनी. दोन्ही चौकोनांवर खूण करून पुन्हा इम्पोर्ट करा.

स्वतः जर्सी बनवत असाल तर चौरस पीएनजी, २०४८ गुणिले २०४८ पिक्सेल. चिन्हाला पार्श्वभूमी पारदर्शक हवी, नाहीतर चिन्हाभोवती पांढरा चौकोन येतो. फोनवर व्हॉट्सॲपने फोटो म्हणून पाठवलेलं चित्र चालणार नाही. ते दाबलं जातं आणि पारदर्शकपणा जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जर्सी नवी, पण खेळाडू जुन्याच क्लबात

पहिल्या चौकोनावर खूण होती का ते आधी आठवा. होती, तरी काही खेळाडू हललेच नाहीत, असंही होतं. एका फाइलीत नव्या क्लबात दाखवलेला खेळाडू जुन्या क्लबाची फाइल येईपर्यंत तिथेच अडकलेला असू शकतो. सगळ्या संघांचा इम्पोर्ट लागोपाठ दुसऱ्यांदा केला की मागे राहिलेले बहुतेक जागेवर येतात. अर्धे संघ आज, अर्धे उद्या असं करू नका.

दुसरी शक्यता लाइव्ह अपडेटची. सामना किंवा मास्टर लीग (एकच क्लब मोसमामागून मोसम चालवायचा खेळप्रकार) सुरू करताना लाइव्ह अपडेट वापरायचा का असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. लाइव्ह अपडेट संघाचं नाव किंवा जर्सी बदलत नाही, पण खेळाडूंची मांडणी आपल्या हिशोबाने लावतो आणि तुमची मागे पडते. आणि आधीच चालू असलेल्या मास्टर लीगमध्ये नवे संघ येतील अशी वाट पाहू नका. तिथली खेळाडूंची यादी सुरुवातीच्या दिवशीच गोठते. नव्या याद्या हव्या असतील तर नवी मास्टर लीग.

डिस्क बाहेरची, डेटा पॅक इथला

कोकणातून आखातात नोकरीला गेलेली माणसं घराघरांत आहेत, आणि गेमच्या डिस्क बऱ्याचदा त्यांच्याच बॅगेतून येतात. दुबई-कुवेतची डिस्क सहसा आपल्याच विभागाची असते. अमेरिकेहून किंवा जपानहून आलेली मात्र वेगळी. जपानी डिस्कवर तर नावच विनिंग इलेव्हन असतं. डेटा पॅक, म्हणजे कोनामीने नंतर दिलेली अधिकची भर, डिस्कच्या विभागाचा लागतो, भारतीय खात्यावरून उतरवलेला त्या डिस्कला लागत नाही. ऑप्शन फाइल ज्या डेटा पॅकसाठी बनवली आहे तो मशिनवर नसेल, तर त्यातले नंतर आलेले खेळाडू रिकामे राहतात किंवा भलतेच येतात. डिस्कच्या कव्हरच्या कडेला बहुधा सीयूएसएने सुरू होणारा क्रमांक असतो. डिस्क बदललीत आणि क्रमांक वेगळा निघाला, तर जुन्या डिस्कवरचा एडिट डेटा नव्या डिस्कला दिसणार नाही. ‘दुसरी डिस्क टाकल्यावर सगळं उडालं’ याचं हेच कारण.

पेन ड्राइव्ह लावला, तरी यादी रिकामी

इथे अक्षराचीही चूक चालत नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट हवा, एनटीएफएस प्लेस्टेशन वाचत नाही. पेन ड्राइव्ह उघडल्याबरोबर पहिलाच फोल्डर डब्ल्यूईपीईएस या पाच अक्षरांचा हवा, रोमनमध्ये, सगळी मोठी अक्षरं, मधे मोकळी जागा नाही. झिप सोडवताना कॉम्प्युटर बऱ्याचदा त्याच नावाच्या फोल्डरात तोच फोल्डर ठेवतो. बाहेरून नाव बरोबर दिसतं, आत आणखी एक डब्ल्यूईपीईएस निघतो, आणि गेमला काहीच सापडत नाही. आतला बाहेर काढा. संघाच्या फाइलींच्या शेवटी टीईडी असतं. तसं नसेल तर झिप पूर्ण सुटलेली नाही.

घरात कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोन आणि ओटीजी केबल पुरते. पेन ड्राइव्ह फोनमधूनच फॉरमॅट करा, झिप फोनवर सोडवा, फोल्डर कॉपी करा, आणि ‘इजेक्ट’ करूनच काढा. मॅकवर कॉपी केली असेल तर प्रत्येक फाइलीच्या जोडीला टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी फाइल तयार होते. गेमच्या यादीत त्या दिसल्या तर निवडू नका, पुसून टाका.

काही संघ येतात आणि काही येत नाहीत, याचं नेहमीचं कारण अर्धवट डाउनलोड. घाटाखालच्या वाड्यांत रेंज येते-जाते, मोठी झिप मधेच तुटते आणि फोन ती ‘पूर्ण’ म्हणून दाखवतो. जिथून घेतली तिथे लिहिलेला आकार आणि फोनवरचा आकार ताडून बघा. झिप सोडवताना सीआरसीची चूक दाखवली तर तीच फाइल पुन्हा उतरवा, दुरुस्त करत बसू नका.

आणि खाऱ्या हवेचं. किनाऱ्याजवळच्या घरांत पेन ड्राइव्हच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, कॉपी मधेच थांबते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाची काडी ओली करून पट्ट्या पुसा, पूर्ण सुकू द्या. झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवला तर पावसाळाभर टिकतो.

कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी

डॉक्युमेंट्समध्ये कोनामी, त्यात गेमचा फोल्डर, त्यात आकड्यांच्या नावाचा फोल्डर, त्यात सेव्ह. तिथे ‘एडिट’ आणि पुढे आठ शून्यं अशी फाइल असते. सगळे बदल त्यात. आकड्यांचा फोल्डर स्टीम खात्याप्रमाणे बदलतो, म्हणजे इथेही युजरचीच गोष्ट. पण कॉम्प्युटरवरचा मोठा गुन्हेगार वनड्राइव्ह. तो डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्याकडे खेचतो, आणि इंटरनेट मंद असलं की कधी जुनी प्रत परत आणून ठेवतो. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन डॉक्युमेंट्सचा बॅकअप बंद करा आणि एडिट फाइलची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. विंडोजच्या सुरक्षेत फोल्डरांवर ताबा ठेवणारा पर्याय चालू असेल तर गेमला तिथे लिहिताच येत नाही. गेमला परवानगी द्या.

एफसी गोवा घातला आणि तोच गायब

पेस २०२१ मध्ये इंडियन सुपर लीग नाही. त्यामुळे सिंधुदुर्गातली पोरं एखाद्या बिननावाच्या संघाच्या जागी नारिंगी जर्सीतला एफसी गोवा किंवा आकाशी मुंबई सिटी बसवतात, आणि हे काम मनापासून करण्यासारखं आहे. पण नवी ऑप्शन फाइल टाकली की तीच जागा तिलाही हवी असते, आणि तुमचा संघ पुसला जातो. संघ बनवून झाला की लगेच एक्स्पोर्ट टीम करून त्याची फाइल वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. नवी ऑप्शन फाइल टाकताना तुमच्या जागेचा संघ यादीतून वगळा, किंवा सगळं टाकून झाल्यावर शेवटी तुमची फाइल इम्पोर्ट करा. उलटा क्रम केलात तर जर्सीसुद्धा जाईल.

जिथे हा उपाय चालत नाही

एक्सबॉक्स वनवर चित्रं आत घेण्याची सोयच नाही. नावं हाताने बदलता येतात, जर्सी गेममधल्याच नमुन्यांतून जुळवावी लागते. पेसनंतर ३० सप्टेंबर २०२१ ला आलेल्या फुकटच्या ईफुटबॉलमध्ये असा इम्पोर्ट नाही. फोनसाठी ‘सगळे संघ खरे’ म्हणून फिरणाऱ्या एपीके फाइली टाकू नका, त्यात काय भरलंय ते कोणी तपासलेलं नसतं. ईएच्या गेममध्येही करार सुटले की खोटी नावं येतात. फिफा २०, २१ आणि २२ मध्ये युव्हेंटस ‘पिमोंटे काल्चो’ होतं. तिथे कन्सोलवर चित्रं घालायची सोय नाही, पण एफसी गोवा हवा असेल तर फिफा २२ पासून इंडियन सुपर लीग त्यांच्याकडे आली.

पेससाठी ‘अधिकृत परवान्याची फाइल’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. ऑप्शन फाइल चाहते बनवतात. कोनामीने गेममध्ये एडिटची सोय दिली आहे, परवाना दिलेला नाही, आणि तो विकायला कोणाकडेच नाही.